नऊ मीटरचा घेर

मी उठले तेव्हा सेनापतीचा कोटही माझ्याबरोबर उठला. आधी काही कळलंच नाही. मांडी नेहमीपेक्षा जड वाटली, एवढंच. दोन पावलं टाकली तर कोटाच्या लांब बाह्या पायांत घोटाळल्या, आणि समोर इस्त्री करणारे मास्तर हात थांबवून माझ्याकडे बघायला लागले. कोटाच्या अस्तराची तुरपाई करता करता मी तो माझ्या स्कर्टलाच शिवून टाकला होता. चांगला वीतभर. आणि टाके असे बारीक, एकसारखे, की शिकणाऱ्या मुलींना नमुना म्हणून दाखवावेत. धाकटे, सेनापतीला घरी न्यायचा बेत आहे का, असं मास्तरांनी विचारलं आणि सगळी खोली हसली. मांडीवर कपडा घेऊन शिवणाऱ्या प्रत्येकीची ही चूक एकदा होते. पहिल्या महिन्यात होते, मग मांडीच शहाणी होते, आपला कपडा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते तिला आपोआप कळायला लागतं. मला या टेबलाशी सव्वीस वर्षं झाली होती. मीही हसले, न हसून करते काय. शेजारी बसलेली माझी ताई तर डोळे पुसेपर्यंत हसली आणि मग तिनं हात पुढे केला, की आण इकडे, उसवून देते. तो हात बघितला आणि मी पटकन म्हणाले, राहू दे, माझं मी करते.

खरं म्हणजे मी उठले होते ती कार्ड भरायला. त्या सकाळी प्रत्येक कपड्याला सुतळीनं एकेक पिवळं कार्ड बांधलेलं होतं. वर कपड्याचं नाव, खाली हातशिलाई करणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन, तास लिहायला. नाट्यगृहात नवे साहेब आले त्याला तीन महिने झाले होते. माणूस वाईट नाही. चार जिने चढून शिवणखोलीत येतात, दारात बूट पुसतात, सगळ्यांना अहोजाहो करतात. त्यांनी टेबलाशी उभं राहून नीट समजावून सांगितलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारातलं नाटक, चाळीस पोशाख, आणि एवढा वेळ कुठे जातो असं वरचे लोक विचारतात. बाहेरून दिसणारं हातकाम राहीलच. पण अस्तर, घेराची आतली दुमड, जे पहिल्या रांगेतल्या माणसालाही कधी दिसणार नाही, ते हातानं कशासाठी? राणीच्या झग्याच्या घेराला त्यांनी सगळे मिळून बारा तास धरले होते. बारा तासांत बसलं तर हाताचं टेबल राहील. नाही बसलं तर पुढच्या नाटकापासून घेर मशीनवर जातील. हाताचं टेबल म्हणजे आम्ही दोघी बहिणी. खोलीत आम्हाला मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणतात, खरी नावं फक्त हजेरीपुरती उरली आहेत. आणि कुणावर अन्याय नको म्हणून गुरुवारी साहेब स्वतः दिवसभर आमच्या टेबलाशी बसून बघणार होते. आज बुधवार होता.

कोट स्कर्टला शिवायला मला किती तास लागले, हे मला सांगता आलं नसतं. आम्ही वेळ घड्याळात मोजत नाही, दोऱ्यांत मोजतो. बोटांच्या टोकांपासून कोपराच्या जरा वरपर्यंत, एवढा एक दोरा. त्याहून लांब घेतला की गुंततो, आखूड घेतला की जन्म ओवण्यातच जातो. दोन दोऱ्यांनी चहा घेऊ, हा दोरा संपला की निघू, असं आमचं चालतं. एक दोरा म्हणजे साधारण किती मिनिटं, असं साहेबांनी वही काढून विचारलं होतं, तेव्हा ताई म्हणाली की ते दोरा कुठे चाललाय त्यावर आहे. मखमलीत तो रांगतो, रेशमात पळतो, आणि जुन्या लोकरीत तर कधी कधी जेवायची आठवणही होऊ देत नाही. साहेबांनी थोडा वेळ पेन्सिल वहीवर धरली आणि वही मिटली. पण खरं सांगायचं तर दोरा चालू झाला की मी तिथे नसतेच. हात असतात. मी कुठे जाते म्हणाल, तर बहुतेक वेळा एका स्टुलावर. मी सहा वर्षांची, ताई तेरा. आई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला जायची आणि घरी आल्यावरही तिच्या केसांना वाफेचा वास यायचा, म्हणून माझे कपडे ताईच बघायची. माझा शाळेचा फ्रॉक तिनं खाली वीतभर दुमड ठेवून शिवला होता. दर वर्षी ती दुमड थोडी सोडायची आणि नव्यानं तुरपाई घालायची. फ्रॉक अंगातच असायचा, मी स्टुलावर उभी, ती खाली जमिनीवर बसलेली. हलू नकोस, फक्त फीर, असं ती म्हणायची. मग मी हळूहळू फिरायची आणि ती जागची हलायची नाही. खिडकी जायची, कपाट जायचं, दार जायचं, पुन्हा खिडकी यायची. सुई गुडघ्याभोवती फिरते आहे की मी, ते कळेनासं व्हायचं. तिचा श्वास पोटरीला लागायचा, कोमट. फ्रॉकवर जुन्या दुमडीच्या आडव्या रेघा तशाच राहायच्या, कितीही इस्त्री केली तरी जायच्या नाहीत, आणि वर्गातल्या मुली त्या मोजायच्या. मी रडत घरी आले की ताई म्हणायची, मोजू दे, उंच झालीस हे त्यांनाच कळतंय. आजही घेर शिवताना कपडा मांडीवरून पुढे पुढे सरकतो, संपलेला भाग एका बाजूनं खाली उतरतो, न झालेला दुसऱ्या बाजूनं वर चढतो, आणि मला वाटतं की मी अजून फिरतेच आहे.

बुधवारी मात्र मी स्टुलावर नव्हते. मी ताईच्या हाताचा विचार करत होते, आणि त्यातच सेनापती मला चिकटला. दीड वर्षापूर्वी ताई एका काळ्या डगल्याची काजं करत होती, तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. काजाच्या कडेचे टाके एकमेकांना चिकटून बसायला हवेत. ते दाटीवाटीत धक्का लागल्यासारखे मागेपुढे झाले होते. डॉक्टरांनी दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि हळूहळू वाढेल असं बजावलं. घरी येताना ताईनं फळं घेतली, भाव केला, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. आम्ही दोघी एका घरात राहतो, दोन खोल्या, मधे एक दार, आणि ते दार सदा उघडं. पण काही विषय असे असतात की त्यांना दार उघडं असून उपयोग नसतो. ताईचे यजमान गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली, माझं लग्न झालंच नाही, आणि या टेबलाशिवाय आम्हाला दोघींना दिवस कसा घालवायचा ते माहीत नाही. ताईची जागा गेली तर ती त्या खोलीत खिडकीशी बसून राहील, हे चित्र मला फार स्वच्छ दिसायचं. म्हणून मग मी सकाळी एक तास आधी यायला लागले. मला पायी जायला बरं वाटतं असं तिला सांगितलं. तिचे गुडघे धरतात म्हणून ती मागून बसनं येते. त्या एका तासात मी तिनं आदल्या दिवशी घातलेले टाके उसवायची आणि तिच्यासारखे, म्हणजे तिच्या पूर्वीच्या हातासारखे, पुन्हा घालायची. उरलेलं जेवणाच्या सुट्टीत, ती खाली चहाला गेली की. तिची टाका घालण्याची ढब मला पाठ आहे. ती डावीकडे किंचित कललेले टाके घालते, मी सरळ. मास्तर भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, मोठ्या बाईंचा हात अजून तोच.

खोटं कशाला बोलू, मला त्या तासात फार बरं वाटायचं. खोलीत कुणी नसायचं. उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांतून सावलीसारखा मऊ उजेड यायचा, पुतळ्यांवर अर्धवट दरबार उभा असायचा, बिनडोक्याचे सरदार, बिनहातांच्या दासी, आणि मी त्यांच्यात बसून आपल्या बहिणीला वाचवत असायची. आयुष्यभर ती माझं करत आली होती. आता माझी पाळी, असं मनात म्हणताना छाती थोडी पुढे यायची, तेही कबूल करते. पण हळूहळू टाके आणखी बिघडत गेले. ते लांब झाले, सैल झाले. गेल्या काही महिन्यांत तर टोकाला गाठच नसायची. पूर्वी एकेक टाका सुईच्या टोकानं उचलावा लागायचा, आता दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं की सबंध ओळ सरसर बाहेर यायची आणि कापडाला चरादेखील पडायचा नाही. ज्या दिवशी हे पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी तो दोरा हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि पोटभर रडले. तिनं मला सगळ्यात आधी गाठच शिकवली होती. दुखणं हातातून डोक्यात चढायला लागलं, असं मी धरून चालले.

बुधवारी संध्याकाळी दोघी बसनं घरी निघालो. मी आडून आडून सुचवलं की उद्या तिनं सुट्टी घ्यावी, खोकला आहेच थोडा. तिनं विचारलं, कुणाला खोकला आहे? बस पुलावर चढली तेव्हा तिची पिशवी तिच्या मांडीवर थरथरत होती, बसमुळे की हातामुळे ते कळत नव्हतं, आणि मी उगाच पुलाचे खांब मोजत राहिले. साहेबांसमोर मी काहीही उसवू शकणार नव्हते. ते तिच्या बोटांकडे बघणार, ती सुई टोचायला जाणार, सुई भलतीकडे उतरणार, आणि साहेब सभ्य माणूस असल्यामुळे मान दुसरीकडे वळवणार. त्या वळलेल्या मानेचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. आणि समजा त्यांच्या लक्षात आलं नाही, तरी खरे तास काय होते? माझा अर्धा घेर, तिचा अर्धा घेर, आणि तिचा अर्धा पुन्हा एकदा माझ्या हातून. बारा तासांत हे बसायचं नाव नको.

मला चार वर्षांपूर्वीचा एक झगा सारखा आठवत होता. तो खराखुरा जुना होता, दोनशे वर्षांचा, कुठल्याशा संग्रहातून नमुन्यासाठी दोन दिवस उसना आणलेला. पातळ कागदाच्या घड्यांत निजून आला होता. मास्तरांनी सगळ्यांना हात धुवायला लावले आणि तो टेबलावर आतली बाजू वर करून पसरला. वरून तो राजेशाही होता, पण आत शिरल्यावर राजा-राणी कुणी उरलंच नाही, नुसते हात उरले. घेरावरून नजर फिरवताना मला दिसलं की ती शिलाई दोघींची आहे. एकीचे टाके मुंगीच्या पावलाएवढे. मग मधेच, वीतभर, दुसरीचे, मोठे, वाकडे, दमलेले. मग पुन्हा पहिलीचे. त्या दुसरीला म्हातारपण आलं होतं, की ती लहान होती, की तिला झोप येत होती, कोण सांगणार. पण ते कुणी उसवलेले नव्हते. दोनशे वर्षं ते तसेच धरून राहिले होते, बारीक टाक्यांइतकेच घट्ट. मी ताईला दाखवलं. तेव्हा तिचा हात चांगला होता. तिनं त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हिला शेजारीण चांगली मिळाली. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

गुरुवारी मी आधी गेले नाही. आम्ही दोघी एकाच बसनं गेलो. साहेब नऊच्या ठोक्याला आले, एक खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाला बसले, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. राणीचा झगा आम्ही दोघींच्या मांड्यांवर पसरला. निळसर राखी रेशीम, नऊ मीटरचा घेर, टाचण्या लावलेला. मी सुई उचलली. ताईनं उचलली नाही. तिनं मेणाची वडी जवळ ओढली, दोरा तोडला, मेणावरून फिरवला, आणि ओवायला घेतला. चार वेळा चुकला. पाचव्या वेळी तिनं कोपर टेबलावर टेकवलं, मनगट दुसऱ्या हातानं धरलं, आणि दोरा नेढ्यातून पार झाला. ती सुई तिनं माझ्यापुढच्या उशीत टोचून ठेवली आणि दुसरी घेतली. मी एक दोरा संपवेपर्यंत पुढचा तयार असायचा. दोऱ्यानंतर दोरा. त्याच वेळात ती माझ्यापुढची दुमड अंगठ्यानं बसवायची, टाचणी काढून घ्यायची, झालेलं रेशीम चुरगळू नये म्हणून स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायची. मान वर करायची मला गरजच उरली नाही. असं मी आयुष्यात कधी शिवलं नव्हतं. रेशीम आपणहून येत होतं, वर चढत होतं, माझ्या हाताखालून जात होतं आणि पलीकडे उतरत होतं, आणि मधल्या कुठल्या तरी मीटरला मला वाटलं की घेराला सुरुवात नाही, शेवटही नाही, राणी आत उभी आहे आणि आम्ही दोघी तिच्याभोवती सावकाश फिरतो आहोत. साहेबांनी पहिले दोन तास टिपणं केली. मग त्यांची पेन्सिल थांबली आणि ते नुसते बघत बसले. दुपारी आम्ही अर्धा तास जेवलो. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांची आई विणकाम करायची, आणि तिचं विणणं आपण कधी बघितलंच नाही.

पाचला शेवटचा टाका पडला. गाठ मी मारली. साहेबांनी घड्याळ मनगटावर चढवलं, जेवणाचा अर्धा तास वजा केला आणि कार्डावर माझ्या नावापुढे साडेसात लिहिले. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. बारा तासांत सहज बसलं, टेबलाची काळजी नको, असं ते म्हणाले. मग ताईकडे वळून त्यांनी विचारलं, मोठ्या बाई, तुमच्यापुढे काय लिहू?

"शून्य," ताई म्हणाली. "आज मी एकही टाका घातलेला नाही. आणि तुम्ही विचारणार नाही म्हणून मीच सांगते, गेल्या दीड वर्षात माझा एकही टाका या खोलीबाहेर गेलेला नाही."

साहेबांनी तिच्या हाताकडे बघितलं. मान वळवली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी पेन आणि कार्ड टेबलावर आमच्यामध्ये ठेवलं, तुम्ही दोघी ठरवा आणि लिहा, मी सही करतो, असं म्हणाले, आणि मास्तरांशी बोलायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. माझे कान तापले होते. मी टाचण्या डबीत भरायला लागले. कधीपासून माहीत होतं, असं शेवटी मी विचारलं. पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली. आपले टाके आपल्याला ओळखू येत नाहीत होय? आणि तू डावीकडे जरा जास्तच कलतेस.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? सकाळी निघताना तुझं तोंड बघायला हवं होतंस तू. लहानपणापासून मी तुझं करतेय. तुला माझं काहीतरी करायला मिळालं होतं." तिनं मांडीवरचं रेशीम सारखं केलं. "मग मी गाठ मारायची सोडली. टाकेही लांब घातले. म्हटलं, एका ओढीत निघाले तर तुला तेवढी दहा मिनिटं बसायला मिळतील."

मी डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. ज्या हाताला सुई धरवत नव्हती, त्या हातानं ती रोज, सगळा दिवस, आपणहून सुटणार नाही पण ओढला की निघेल असा टाका घालत होती. तसा टाका घालणं किती कठीण आहे हे मला या शहरात सगळ्यात चांगलं कळतं, आणि मी खिडकीशी उभी राहून त्याला दुखणं म्हणत होते, स्वतःच्या चांगुलपणावर रडत होते. मला तिचा राग आला. मग रागही ओसरला, आणि मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघता येईना. तिनं माझी पाठ थोपटली, तेही एका लयीत जमलं नाही.

कार्ड समोरच होतं. त्यातलं गणित अगदी सरळ होतं. तिच्यापुढे शून्य लिहिलं की घेर साडेसात तासांचा, टेबल शाबूत, आणि त्या टेबलाशी मी एकटी. ती खिडकीशी. तिलाही ते कळत होतं, तिनं ते सकाळीच, पहिली सुई ओवण्याआधीच ठरवलं होतं. मी पेन उचललं आणि तिच्या नावापुढे आठ लिहिलं.

तिनं चष्मा लावला आणि कार्ड जवळ घेऊन वाचलं. तुला बेरीज येते ना, असं तिनं विचारलं. येते, मी म्हणाले. बाराच्या वर जाते म्हणाली. जाऊ दे, मी म्हणाले. आज नऊ मीटर दोघींनी शिवलेत, एकीनं शिवले असं मी लिहिणार नाही. मास्तरांची इस्त्री पलीकडे फुसफुसत होती. झगा पुतळ्यावर चढवायचा राहिला होता, तो अजून आम्हा दोघींच्या मांडीवरच होता. ताईनं चष्मा काढला. मग तिनं कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"अर्धा तास आपण जेवलो," ती म्हणाली. "तो कमी कर."

मी आठ खोडून साडेसात केलं.